मध्य प्रदेश पोलिसात जायचंय? इंदूरच्या मराठी मुलामुलींसाठी पायरीपायरीनं

भरतीची जाहिरात आली की सुदामा नगरातल्या आमच्या ओट्यावर संध्याकाळी पोरं येऊन बसतात. "काका, पोलिसात जायचंय, काय करू?" बहुतेकजण धावून घामाघूम होऊनच आलेले असतात. मी पहिला प्रश्न विचारतो, "तुझ्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव कसं लिहिलंय?" पोरं एकमेकांकडे बघतात. म्हाताऱ्याला धावण्याचं विचारायला आलो आणि हा आडनाव काय विचारतोय!

मी या खात्यात आरक्षक म्हणून शिरलो आणि सहायक उप निरीक्षक म्हणून बाहेर पडलो. मधली काही वर्षं प्रशिक्षण केंद्रात शिकवण्यात गेली. मैदानावर दम तुटून बाहेर पडणारे मी पाहिले, तसे कागदावर अडकलेलेही पाहिले. धावायचं सगळेच शिकवतात, कागदाचं कुणी सांगत नाही. म्हणून इथं कागदाचं जास्त लिहितोय.

पदांची नावं आधी नीट समजून घ्या

महाराष्ट्रातले नातेवाईक शिपाई, हवालदार, फौजदार म्हणतात. आपल्याकडे त्यांना अनुक्रमे आरक्षक, प्रधान आरक्षक आणि उप निरीक्षक म्हणतात. मधे सहायक उप निरीक्षक येतो. थान्याचा मुख्य तो निरीक्षक, त्याला सगळं शहर 'टीआय साहेब' म्हणतं. सूबेदार हे पद मुख्यतः वाहतूक आणि पोलीस लाइनीतलं.

बाहेरून आत शिरायची मुख्य दारं तीन आहेत. आरक्षक आणि उप निरीक्षक यांची परीक्षा २०२५ च्या भरतीपर्यंत भोपाळचं कर्मचारी चयन मंडळ घेत आलं. हेच पूर्वीचं व्यापम, आणि लोक अजून तेच म्हणतात. डीएसपी व्हायचं तर राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा. तिचं कार्यालय आपल्याच इंदुरात आहे, म्हणून तर भंवरकुआंच्या गल्ल्यागल्ल्यांत कोचिंगचे फलक लागलेत.

आरक्षकाला दहावी पुरते, अनुसूचित जमातीला आठवी. उप निरीक्षकाला पदवी हवी. पदवी आहे म्हणून आरक्षकाचा फॉर्म सोडू नका. उप निरीक्षकांची २०१७ नंतरची भरती थेट २०२५ मध्ये आली. त्या आठ वर्षांत कितीतरी चांगल्या मुलांची वयं निघून गेली.

पहिली पायरी: कागद

आपल्या मराठी घरांची एक खास अडचण आहे, ती म्हणजे 'ळ'. हिंदी लिपिकाला तो लिहिता येत नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही. मग काळे होतात काले आणि मुळे होतात मुले. बापाच्या कागदांवर एक, पोराच्या मार्कशीटवर दुसरं आणि आधारवर इंग्रजीतून उलट फिरून आलेलं तिसरंच. दुसरी अडचण मधल्या नावाची. आपण स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं सलग लिहितो. इथल्या फॉर्मात वडिलांच्या नावाचा रकाना वेगळा असतो. आधारवर तीन शब्द आणि मार्कशीटवर दोन असले की यंत्र 'नाव जुळत नाही' म्हणतं.

लग्न झालेल्या मुलींचं तर विचारू नका. आडनाव बदलतंच, काही घरांत अजून पहिलं नावही बदलतात. मुलींना माझा रोखठोक सल्ला: नोकरी लागेपर्यंत कागदांवर माहेरचंच नाव ठेवा. सासूबाईंना काय वाटायचं ते वाटू दे.

सगळ्याचा पाया दहावीची मार्कशीट. जन्मतारीख आणि नाव तिच्यावरून ठरतं. म्हणून आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-सदस्य क्रमांक), बँक, सगळं तिच्याशी जुळवून घ्या. जाहिरात आल्यावर नाही, आज. समग्रमध्ये दुरुस्ती करून ती आधारशी जोडायला कधी दोन दिवस लागतात, कधी दोन महिने.

आता पुढचे कागद. मूल निवासी प्रमाणपत्र लोक सेवा केंद्रातून मिळतं. राखीव जागा आणि वयाची सूट मध्य प्रदेशच्या मूल निवाशांनाच मिळते. रोजगार कार्यालयातलं पंजीयन जिवंत ठेवा, त्याची मुदत संपते आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही. आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र त्या-त्या आर्थिक वर्षाचं लागतं. मागच्या वर्षीचं फाइलीत ठेवून निश्चिंत बसू नका.

सगळ्यात नाजूक तो जातीचा दाखला. वडील किंवा आजोबा जळगाव, अकोला, नागपूरकडून आलेले, दाखला तिकडचा, आणि मुलगा इंदुरात जन्मलेला. असा दाखला इथं आरक्षणासाठी चालत नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आलेल्याला नव्या राज्यात राखीव जागेचा लाभ मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९० पासून वारंवार सांगितलंय. मध्य प्रदेशचा दाखला हवा असेल तर कुटुंब इथलं जुनं रहिवासी असल्याचा पुरावा मागतात. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५० चा, इतर मागासवर्गीयांसाठी १९८४ चा. होळकरांच्या काळापासून इथं असलेल्या घरांकडे जुनी सनद, शाळेचा दाखला, जमिनीचा खसरा काहीतरी निघतं. माळ्यावरची आजोबांची ट्रंक उघडा. मोती तबेल्याच्या कलेक्टर कचेरीत खेटे घालण्याआधी हे काम करा.

आणि महाराष्ट्रातल्या मावसभावाला विचारून रकाना भरू नका. एनटी, एसईबीसी अशी तिकडची घरं इथल्या फॉर्मात नसतात. इथं अनारक्षित, ईडब्ल्यूएस, एससी, एसटी आणि ओबीसी एवढेच. आपली जात कुठे बसते ते मध्य प्रदेशच्या यादीत बघायचं. रकाना चुकला की मुख्य कागद तपासणीच्या दिवशी निवड रद्द होते, आणि तोवर दोन वर्षं गेलेली असतात.

दोन वर्षं म्हणालो ते उगीच नाही. २०२३ च्या आरक्षक भरतीत ७,४११ जागा होत्या. अर्ज जूनमध्ये सुरू झाले, लेखी परीक्षा ऑगस्टपासून. मैदान पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०२४ मध्ये. शेवटचा निकाल मार्च २०२५ मध्ये लागला आणि प्रशिक्षण सुरू झालं जुलै २०२५ मध्ये. तोवर दुसरं काही काम करत राहा. घरी बसून भरतीची वाट बघणारा मुलगा आधी धावणं सोडतो, मग अभ्यास.

दुसरी पायरी: लेखी

१०० गुणांचा पेपर, वेळ दोन तास. सामान्य ज्ञान आणि तार्किक ज्ञान ४०, बौद्धिक क्षमता ३०, विज्ञान आणि साधं अंकगणित ३०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पातळी दहावीची. अंकगणितात आपली पोरं पुढे असतात, मध्य प्रदेशच्या सामान्य ज्ञानात मार खातात. नर्मदेच्या उपनद्या, जिल्हे, योजना, जनजाती यांचा अभ्यास मुद्दाम करा.

२०२५ च्या भरतीत, ७,५०० जागांसाठी, खुल्या गटातल्या मुलांना वय १८ ते ३३ होतं, मुली आणि राखीव गटांना ३८ पर्यंत.

केंद्रावर आधारनं ओळख पटवतात, बोटाचे ठसे घेतात. "पैसे द्या, माणूस बसवतो" म्हणणारा कुणी भेटला तर तिथूनच परत फिरा. जुलै २०१३ मध्ये दुसऱ्याच्या जागी मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसायला आलेल्यांना पकडलं ते इंदूरच्याच पोलिसांनी, आणि तिथून व्यापमच्या परीक्षांतल्या घोटाळ्याचं सगळं प्रकरण उलगडत गेलं. २०२३ च्या आरक्षक भरतीतही आधारमधले ठसे-फोटो बदलून दुसऱ्याला बसवणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले, काहींवर तर निवड झाल्यावर. पोलीस व्हायला निघालेला मुलगा आरोपीच्या रकान्यात, यापेक्षा वाईट काय.

तिसरी पायरी: मैदान

तीन गोष्टी असतात: ८०० मीटर धाव, लांब उडी आणि गोळाफेक. जुनं पासाचं माप डोक्यात ठेवा. मुलांना ८०० मीटर २ मिनिटं ४५ सेकंदांत, उडी १३ फूट, ७.२६० किलोचा गोळा १९ फूट. मुलींना ४ मिनिटं, १० फूट, आणि ४ किलोचा गोळा १५ फूट. पण नुसतं पास होऊन भागत नाही. २०२३ पासून मैदानालाही १०० गुण आहेत आणि लेखी-मैदान मिळून निम्मं-निम्मं धरून यादी लागते. म्हणजे लेखीत ९० मिळवून ढेरी घेऊन आलेला मागे पडू शकतो.

८०० मीटर म्हणजे ४०० च्या ट्रॅकवर दोन फेऱ्या. २:४५ साठी एका फेरीला साधारण ८२ सेकंद येतात. नेहरू स्टेडियमवर पहाटे बघतो ना मी, पोरं पहिली फेरी ७० सेकंदांत मारतात, मित्र टाळ्या वाजवतात, आणि दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या वळणावर तेच पोर कमरेवर हात ठेवून चालत असतं. पहिली फेरी ८० ची धरा, दुसरीत शेवटचे २०० मीटर सोडा स्वतःला. आठवड्यातून दोन दिवस २०० मीटरच्या तुकड्यांत पळा, प्रत्येक तुकडा ४० सेकंदांच्या आत, मधे दोन मिनिटं चालणं. नुसतं रोज पाच-पाच किलोमीटर धावून ८०० ची धाव फारशी सुधारत नाही.

गोळा क्रिकेटच्या चेंडूसारखा फेकायचा नसतो. तो मानेला टेकलेला, कोपर वर, आणि जोर पायातून येतो. कोपर खाली आलं की खांदा दुखावतो, आणि भरतीच्या आधी दुखावलेला खांदा बरा व्हायला वेळच उरत नाही. उडीत पट्टीवरून पाय पुढे गेला की फाउल. धावायला किती पावलांवरून सुरुवात करायची ते चिमणबागेच्या मातीत मोजून, खूण करून, पाठ करून ठेवा.

उंची खुल्या, ओबीसी आणि एससी मुलांना १६८ सेंटिमीटर, छाती ८१ आणि फुगवून ८६. एसटी मुलांना १६० आणि ७६-८१. मुलींना १५५. मोजमाप अनवाणी होतं. अर्ध्या-एक सेंटिमीटरवर लटकलेल्यांनी मोजणीच्या दिवशी उन्हात तासन्‌तास उभं राहू नये. माणूस सकाळी किंचित उंच असतो आणि दिवसभरात दबतो, ही थट्टा नाही.

चौथी पायरी: मेडिकल आणि चरित्र सत्यापन

सपाट तळवे, चालताना एकमेकांना लागणारे गुडघे, रंग ओळखण्यात गडबड, या गोष्टींवर माणूस बाहेर होतो. दोन वर्षं घालवण्याआधी एकदा सरकारी डॉक्टरला दाखवून या. रंगांच्या ठिपक्यांचं पुस्तक डोळ्यांच्या कुठल्याही डॉक्टरकडे असतं.

चरित्र सत्यापनाच्या फॉर्मात विचारतात: कधी गुन्हा दाखल झालाय का, अटक झालीय का, केस चालू आहे का. गणपतीच्या मिरवणुकीतली मारामारी, नंतर राजीनामा झाला, म्हणजे आपसात मिटलं, म्हणून पोरं 'नाही' लिहितात. लिहू नका. थान्याच्या रजिस्टरमधून काही पुसलं जात नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात स्पष्ट केलंय की माहिती खरी द्यायची. किरकोळ प्रकरण खरं सांगितलं तर विभाग विचार करू शकतो, पण लपवलेलं सापडलं तर नोकरी जाऊ शकते. वकिलाकडून निकालाची प्रमाणित नक्कल काढून फाइलीत ठेवा.

पाचवी पायरी: नऊ महिने

निवड झालेल्याला नवआरक्षक म्हणतात आणि त्याचं बुनियादी प्रशिक्षण नऊ महिन्यांचं असतं. इंदूरचं पोरगं म्हणून मूसाखेडीच्या पोलीस प्रशिक्षण महाविद्यालयातच मिळेल असं धरून चालू नका. रीवा, उमरिया, पचमढी, ग्वाल्हेरजवळचं तिगरा, उज्जैन, कुठेही आमद द्यावी लागते, म्हणजे हजर झाल्याची नोंद करावी लागते. उप निरीक्षक सागरच्या जवाहरलाल नेहरू पोलीस अकादमीत किंवा भोपाळच्या भौंरीला जातात. आणि इंदुरातलं रुस्तमजी सशस्त्र पोलीस प्रशिक्षण महाविद्यालय वेगळं, विमानतळाकडची सीमा सुरक्षा दलाची शस्त्रशाळा आणखी वेगळी. पत्र वाचताना गोंधळू नका, एक मुलगा खरंच दुसऱ्याच फाटकावर जाऊन उभा राहिला होता. हे रुस्तमजी मूळचे नागपूरजवळच्या कामठीचे. मध्य प्रदेश पोलिसांचे प्रमुख होते, मग १९६५ मध्ये सीमा सुरक्षा दल त्यांनी उभं केलं.

पहाटे पीटी, मग ड्रिल, शस्त्रं, चांदमारी म्हणजे गोळीबाराचा सराव, बलवा ड्रिल म्हणजे दंगल आवरण्याचा सराव. शिकवणारा तो उस्ताद. पहिल्या पंधरा दिवसांत पायाला फोड येतात, घरची आठवण येते, आणि घराजवळच्या केंद्रावर बदली करून द्या म्हणून अर्ज सुरू होतात. तो अर्ज लिहू नका. तिसऱ्या आठवड्यात पाय बूट ओळखायला लागतात. बूट चावू नयेत म्हणून घरूनच ते आठवडाभर घालून फिरून या, आणि दोन जोड मोजे जास्त ठेवा.

पण माझा वर्ग दुपारी असायचा, वर्गातला, आणि मैदानात सिंह असलेली पोरं तिथं ढेपाळायची. १ जुलै २०२४ पासून तिन्ही मुख्य फौजदारी कायदे नवे झालेत. भारतीय न्याय संहितेत ३५८ कलमं, नागरिक सुरक्षा संहितेत ५३१, साक्ष्य अधिनियमात १७०. जुन्या गाईडा रद्दीत टाका. खून ३०२ चा १०३ झाला, चोरी ३७९ ची ३०३, फसवणूक ३१८(४). चारशेवीस हा शब्द आता फक्त बोलण्यात उरला. साक्षीदाराचं बयान कलम १८० खाली, अकस्मात मृत्यू, ज्याला आपल्याकडे मर्ग म्हणतात, तो १९४ खाली. झडती-जप्तीचं चित्रीकरण आता करावंच लागतं. हद्द कुणाचीही असो, गुन्हा शून्यावर (झीरो एफआयआर) नोंदवून घ्यावा लागतो. नवआरक्षकाला सगळी कलमं पाठ नकोत, पण चाळीस-पन्नास जिभेवर हवीत.

त्याहून अवघड ते हिंदी लिखाण. आपली मुलं हिंदीत शिकलेली असली तरी घरची भाषा लेखणीत उतरते. 'पुलिस'चं 'पोलीस' होतं, ते चालून जातं. पण एका मराठी पोरानं सरावाच्या बयानात लिहिलं, "आरोपी को पहले भी दो बार शिक्षा हो चुकी है." सागरकडचे उस्ताद शेजारी बसले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "किस स्कूल में?" मराठीतली शिक्षा म्हणजे हिंदीतली सजा, आणि हिंदीतली शिक्षा म्हणजे शाळा. पोरगं आठवडाभर 'मास्टरजी' झालं. हसण्यावारी गेलं, पण तेच न्यायालयात गेलं असतं तर बचावाच्या वकिलानं त्यावर अर्धा तास खाल्ला असता.

शिवाय खात्याची स्वतःची एक भाषा आहे. आमद, रवानगी (निघाल्याची नोंद), तफ्तीश (तपास), इस्तगासा (न्यायालयात दिलेली तक्रार), मुलाहिजा (जखमीची वैद्यकीय तपासणी), रोजनामचा (थान्याची रोजची नोंदवही). घटनास्थळीच लिहून घेतलेल्या फिर्यादीला देहाती नालसी म्हणतात, तपास करणारा तो विवेचक. सरकारनं यातले फारसी-उर्दू शब्द काढून हिंदी शब्द वापरायला सांगितलंय, कागदावर ते हळूहळू बदलतायत. जुन्या लोकांच्या तोंडून मात्र जुनेच ऐकू येतील, म्हणून दोन्ही शिकून घ्या. रोज झोपण्याआधी एक पान हिंदीत लिहायची सवय लावा: दिवसभरात कोण भेटलं, किती वाजता, कुठे, काय बोललं. विशेषणं नकोत. 'अंदाजे पाच फूट सहा इंच, डाव्या भुवईवर व्रण' लिहा, 'गुंडासारखा दिसणारा' नको.

शेवटी परीक्षा होते, वर्गातली आणि मैदानातली. नापास झालेल्याला पुन्हा बसावं लागतं. मग दीक्षांत परेड. आईवडिलांना बोलवा, पुरणपोळीचा डबा चालतो.

नंतर

जिल्हा मिळतो, परिवीक्षा सुरू होते. आरक्षकाची वेतनश्रेणी १९,५०० पासून आहे, उप निरीक्षकाची ३६,२०० पासून. इंदुरात मिळालात तर डिसेंबर २०२१ पासून इथं कमिश्नर पद्धत आहे, म्हणजे वरची साखळी जिल्ह्यांपेक्षा वेगळी. ती पहिल्या आठवड्यात समजून घ्या. सुरुवातीला पहारा, बंदोबस्त, समन्स पोचवणं, कधी रात्रभर गाडीवर. तपास हाती यायला प्रधान आरक्षक व्हावं लागतं.

थान्यात पहिल्या दिवशी टीआय साहेबांना सॅल्यूट केलात की सरळ हेड मोहर्रिरकडे जा. थान्याचे सगळे कागद त्याच्या हातात असतात. तो रोजनामचा पुढे सरकवेल आणि तुमची आमद लिहायला लावेल: नाव, आरक्षक क्रमांक, कुठून आलात, कोणत्या आदेशानं, किती वाजता. नाव दहावीच्या मार्कशीटवर आहे तसंच लिहा, 'ळ' चा 'ल' झाला असेल तर 'ल'च. आणि वेळ भिंतीवरच्या घड्याळात बघून लिहा.